बेडकीचे आरसे

"बस!" ती म्हणाली, आणि गाडी मागे येतच राहिली.

तिच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. कोपऱ्यावरून घराकडे वळली तर नवरा गाडी फाटकातून मागे घेताना दिसला, म्हणून रोजच्या सवयीनं ती मागे उभी राहून "येऊ दे, येऊ दे" करायला लागली होती. दुसऱ्यांदा "बस" म्हणून ती अशी ओरडली की समोरच्या घरातली खिडकी उघडली. मग मात्र तिनं पिशव्या टाकल्या आणि बाजूला उडी मारली. बंपर फाटकाच्या खांबावर आदळला, टोमॅटो उतारावरून घरंगळत निघाले, आणि तेव्हा कुठे गाडी थांबली.

तो उतरला. आधी त्यानं बंपर बघितला, मग तिच्याकडे.

"लागलं का तुला?"

"नाही."

"ब्रेक," तो म्हणाला. "ब्रेकमध्ये हवा धरलीय. तरीच म्हटलं, पेडल मऊ का लागतंय."

ती खाली वाकून टोमॅटो गोळा करायला लागली. मागचे लाल दिवे ब्रेक दाबला की लागतात, एवढं कळायला कुणी मेकॅनिक असावं लागत नाही. खांबाला धडकेपर्यंत ते दिवे लागलेच नव्हते. म्हणजे ब्रेक मऊ होता की कडक, हा प्रश्नच नव्हता. त्यानं तो दाबलाच नव्हता.

गाडीचं नाव बेडकी. नातीनं ठेवलेलं, पुढच्या दोन बटबटीत दिव्यांवरून आणि तिच्या हिरवट रंगावरून. कुणाच्या तरी अंगणात गवतात रुतलेली ती गाडी त्यानं खेचून आणली, तेव्हा तिच्या सीटमध्ये उंदरांचा संसार होता. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावायची आणि संध्याकाळी शेडमध्ये जाऊन बेडकीशी झटायचं, असं त्यानं कैक वर्षं केलं. पत्रा, वायरिंग, इंजिन, सगळं उकलून पुन्हा जोडलं. बरं, एवढं करून ती झाकून ठेवली असती तर बायकोनं निदान डोक्याला हात तरी लावला असता. पण गाडी चालवायला असते, झाकून ठेवायला नाही, हा त्याचा हेका. रोज दुकानात जायला बेडकी, दळण आणायला बेडकी, लग्नाकार्याला बेडकी. बायको स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, निवृत्त होईपर्यंत रोज त्याच्या शेजारी बसून कामावर गेली. चोक ओढून, मिनिटभर गुरगुरत ठेवून मगच निघायचं, त्यामुळे रोज उशीर. तिनं त्यावरून तोंडसुख पुष्कळ घेतलं, पण त्या शेजारच्या सीटवरच तिचं निम्मं आयुष्य गेलं, आणि वाईट गेलं असं काही तिला म्हणता आलं नसतं.

आज मात्र ते न लागलेले दिवे दुपारपर्यंत तिच्या मनातून गेले नाहीत.

एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाईला एक गोष्ट पक्की कळते. ज्याला ऐकू आलेलं नसतं, तो माणूस "काय?" क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, "हो हो." त्या "हो हो"ला एक वेगळाच घाईचा सूर असतो. गेलं वर्षभर घरात तो सूर होता, आणि तिला तो ओळखू आला नाही. चहा आत्ता घेणार की नंतर, असं विचारलं तर तो "हो" म्हणायचा. ती चिडायची. नवऱ्याचं लक्ष नसतं, यात नवल ते काय? चारचौघींचे नवरे असेच. आता भाजी निवडता निवडता तिला एकेक "हो" आठवत होता आणि मेथीचे देठ पानांच्या ढिगात पडत होते.

एरवी कधी हे कळलं असतं तर तिनं दोन-चार दिवस गिळून टाकलं असतं, सवडीनं बोलली असती. पण मुलगी इस्पितळात नर्स होती आणि सोमवारपासून तिची पहाटेची ड्युटी लागत होती. जावई परगावी. नातीला शाळेत सोडायचं काम आजोबांनी अंगावर घेतलं होतं, नुसतं घेतलं नव्हतं तर मागून घेतलं होतं. मागच्या सीटला नवा पट्टा बसवला होता. शाळा भर रहदारीच्या रस्त्यावर होती. आज शनिवार होता.

मुलीला सांगावं, तर ती आजच्या आज येऊन किल्ली घेऊन जाईल. आणि मग हा माणूस खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहील, हे तिला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होतं. न सांगावं, तर मागच्या सीटवर सहा वर्षांची पोर. दोनदा तिनं फोन उचलला आणि दोनदा ठेवला.

रविवारी सकाळी त्यानं हाक मारली. ब्रेकमधली हवा काढायची होती आणि ते काम एकट्याचं नाही. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, ढिला करायचा. हवेचे बुडबुडे नळीतून बाटलीत निघून गेले की निपल घट्ट करायचा, मगच आतल्यानं पाय उचलायचा. घाई करून आधी उचलला की हवा पुन्हा आत. लग्न झाल्यापासून पेडलवर तिचाच पाय. तो म्हणणार "दाब", ती म्हणणार "धरलंय", तो म्हणणार "सोड". या तीन शब्दांत त्यांच्या कित्येक रविवारच्या सकाळी गेल्या होत्या.

तिनं दार उघडं ठेवलं आणि आत बसली. तो मागच्या चाकापाशी पाटावर बसला.

"दाब."

तिनं दाबलं. "धरलंय," ती नेहमीसारखी म्हणाली. नळीत बुडबुडे वाजले.

"सोड."

पुन्हा दाबायला सांगितलं तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "धरलंय." काम बिनबोभाट झालं. तिला जरा बरं वाटलं. उगाच आपण काहीबाही मनात आणलं. मग तिसऱ्या वेळी ती काहीच बोलली नाही. फक्त दाबलं.

नळीत बुडबुडे वाजले. "सोड," तो म्हणाला.

चौथ्या वेळी तिनं दाबलंच नाही, आणि तोंडानं चांगलं खणखणीत म्हणाली, "धरलंय."

काहीच झालं नाही. नळी वाजली नाही, पाना हलला नाही. तो वाट बघत होता. ती सीटवरून वाकली, उघड्या दारातून खाली बघायला, आणि तिला दाराखाली विटेला टेकवून ठेवलेला छोटा आरसा दिसला. दुकानातला होता, गिऱ्हाईक फ्रेम लावून बघतं ना, तो. आरशात चाकाशी बसलेल्या तिच्या नवऱ्याचे डोळे होते, आणि ते तिच्या पायाकडे बघत होते.

मग ते वर सरकले. दोघं आरशातून एकमेकांकडे बघत राहिली.

आरसे! तिला एकदम सगळे आठवले. एरवी मूळ गाडीला नसलेला स्क्रूसुद्धा न चालणारा हा माणूस. तिनं हौसेनं शिवलेली सीटची कव्हरं "हिच्या काळात असं कापड नव्हतं" म्हणून परत केली होती. आणि त्याच माणसानं वर्षभरात बेडकीच्या दोन्ही मडगार्डांवर गोल आरसे बसवले, आतल्या आरशाशेजारी दुसरा लावला, मागच्या काचेच्या कोपऱ्यात एक बारका चिकटवला. बरे दिसतात, म्हणाला होता. बेडकी वयात आली वाटतं, सारखी आरशात बघतेय, म्हणून तिनं सगळ्या पाहुण्यांसमोर चेष्टा केली होती. तोही हसला होता. रोज फाटकातून गाडी काढताना तो तिचा आवाज ऐकतच नव्हता. आरशात तिचा हात बघत होता. काल तिच्या हातांत पिशव्या होत्या.

ती उतरली आणि त्याच्या समोर जमिनीवर बसली.

"कधी कळलं तुला?" त्यानं विचारलं.

"काल. आणि तुम्हाला?"

त्यानं तिच्या ओठांकडे बघितलं. "बरेच महिने झाले." मग पटकन म्हणाला, "पण मला येतं ऐकू. अगदीच येत नाही असं नाही. थांब, दाखवतो."

तो उठला. बोनेट उघडून त्यानं इंजिन चालू केलं, लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. जुने मिस्त्री करतात तसं. डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण ओसरला, आणि तिला वाटलं, इतका निवांत हा कितीतरी दिवसांत दिसला नाही.

"शेवटचा टॅपेट किंचित वाजतोय," तो म्हणाला. "तुला येतोय ऐकू?"

तिनं कान देऊन ऐकलं. इंजिनाची नुसती घरघर. तिनं नाही म्हणून मान हलवली.

"बघ. मला येतोय."

जिंकल्यासारखा बोलला. तिला त्याला जवळही घ्यावंसं वाटलं आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटली. याच जोरावर त्यानं इतके महिने स्वतःची समजूत घातली होती. हाडातून इंजिन ऐकू येतंय ना, मग कान शाबूत आहेत.

तिनं उघड्या दारातून हात लांब करून इंजिन बंद केलं आणि त्याच्या तोंडासमोर जाऊन सावकाश बोलली.

"रस्त्याला स्क्रूड्रायव्हर लावता येत नाही."

तो बोनेटच्या कडेवरचा नसलेला डाग पुसत राहिला.

"चष्मा लागला म्हणून रडणाऱ्या पोरींना तुम्ही काय सांगता? आभाळ कोसळलं का, म्हणता ना? कानालाही मशीन मिळतं."

"मिळतं. गावभर बोभाटा होतो, चष्मेवाला बहिरा झाला म्हणून. आणि मुलगी सगळ्यात आधी किल्ली घेते."

"घेईलच. मी तिच्या जागी असते तर मीही घेतली असती." तिचा आवाज चिरकला. ते त्याला ऐकू आलं नाही, हे एका अर्थी बरं झालं. "उद्या सोमवार आहे. तिला तुम्ही सांगता की मी सांगू?"

त्यानं पाना उचलला आणि चाकाशी जाऊन बसला.

"दोन चाकं राहिलीत," तो म्हणाला. "दाब."

उरलेलं काम त्यांनी न बोलता केलं. ती पेडल दाबायची आणि दारातून हात बाहेर काढून बोट वर करायची. आरसा त्यानं उचलून ठेवला होता.

दिवसभर तो शेडमध्ये होता. जेवायला आला तेव्हा वरण पुढे सरकवताना तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, पण तो ताटातून वर बघेचना. संध्याकाळी शेडमधून लोखंडावर लोखंड घासल्याचे आवाज येत होते. काय करतोय कोण जाणे. तिनं ठरवलं, सकाळी मुलगी पोरीला सोडायला येईल तेव्हा तोंडानंच सांगायचं. फोनवर नको.

सोमवारी तेही जमलं नाही. मुलीला उशीर झाला होता, तिनं पोरीला दारात उभं केलं, दप्तर आजीच्या हातात दिलं, आजोबांना हात केला आणि आई काही बोलायच्या आत ती रिक्षात बसून गेली. आजी "अगं, थांब" म्हणाली ते रिक्षाच्या आवाजात बुडालं. पोर नाचत बेडकीकडे गेली आणि मागच्या सीटवर चढून बसली.

आता पोरीला खाली उतरवायचं आणि दुसरी रिक्षा बघायची. रडारड होईल ती होईल. एवढं ठरवून ती दप्तर सांभाळत गाडीपाशी गेली आणि थबकली.

ड्रायव्हरची सीट पुढे होती. त्यानं गाडी जोडली तेव्हापासून ती सीट त्याच्या लांब पायांच्या मापानं मागे बसवलेली, बोल्ट गंजून पक्के झालेले. ते बोल्ट काढून सीट चांगली वीतभर पुढे घेतली होती आणि पाठीला एक उशी लावली होती. किल्ली जागच्या जागी लटकत होती. तिच्याकडे परवाना होता, ऑफिसच्या मैत्रिणीची गाडी तिनं वर्षानुवर्षं चालवली होती, पण हिचा क्लच तुला जमायचा नाही म्हणून बेडकीची किल्ली त्यानं तिला कधी हातात दिली नव्हती. ती आत बसली. पाय बरोबर पेडलवर पोचले. मडगार्डांवरचे, आतले, मागच्या काचेतले, सगळे आरसे खाली वळवलेले होते. तिच्या डोळ्यांच्या उंचीला.

मधल्या आरशात तो दिसला. फाटकाबाहेर, रस्त्यावर, हात वर करून उभा.

"येऊ दे!" तो ओरडला. स्वतःचा आवाज केवढा मोठा झालाय हे त्याला कळत नव्हतं. समोरच्या घरातली खिडकी पुन्हा उघडली. "येऊ दे, येऊ दे... बस!"

तिनं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

तो येऊन शेजारी बसला. त्या सीटवर त्याला गुडघे कुठे ठेवावेत ते समजेना. त्यानं पट्टा लावला, खणातून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक डॅशबोर्डच्या लोखंडाला टेकवलं, मूठ कानामागे धरली आणि डोळे मिटले. आजोबा काय करतायत, असं पोरीनं विचारलं. बेडकी काय म्हणते ते ऐकतायत, आजी म्हणाली.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर मागून भोंगा वाजायला लागला. मग तो जवळ आला. पोरीनं कानांवर हात घेतले. आजीनं गाडी कडेला घेऊन उभी केली. शेजारी त्याचे डोळे मिटलेलेच होते, कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

गाडी का थांबली म्हणून त्यानं डोळे उघडले, आणि त्याच वेळी आगीचा बंब हातभर अंतरावरून घोंघावत गेला. बेडकी सबंध हलली. त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली घेतला. आधी मागे वळून सीटवरच्या पोरीकडे बघितलं, मग लांब जाणाऱ्या बंबाकडे, तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत. मग स्क्रूड्रायव्हर धरलेला हात त्यानं मांडीवर ठेवला. तिनं त्यावर आपला हात ठेवला आणि जरा वेळानं उचलला, कारण गिअर टाकायचा होता.

गाडी पुन्हा रस्त्यावर आली. त्यानं स्क्रूड्रायव्हरची मूठ पुन्हा कानामागे नेली.

"ओढतेय ती," तो म्हणाला. "दुसरा टाक."

तिनं टाकला.