पुलाचं वचन आणि मी होडी

मी तोतोझाफीच्या घरची होडी बोलतेय. अख्ख्या बुंध्यातून मला त्याच्या बापानं कोरलं. लवंगांची पोती आणि माणसं नदीपार न्यायची, हेच माझं काम. बापामागे वल्हं तोतोझाफीकडे आलं.

आमचा बेटावरचा देश स्वतंत्र झाला आणि तो निवडणुकीला उभा राहिला. माझ्यातच उभा राहून काठावरच्या लोकांना म्हणाला, "मला निवडून द्या. इथं पूल बांधतो."

"मग होडीचं काय रे?" सोआवेलो आजीनं विचारलं.

"ती म्हातारी होईल, तुझ्यासारखी."

"मेल्या, मी म्हातारी झाले, पण अजून बुडाले नाही!"

सगळे हसले. मी मात्र धास्तावले.

तो खासदार झाला, पुढं मंत्रीही. पूल मंजूर झाला. पण पक्षाच्या एका बड्या पुढाऱ्यानं तो आपल्या मळ्याकडे वळवला. तोतोझाफीला गप्प राहायला सांगितलं. तो भर सभागृहात बोलला आणि मंत्रिपद गेलं.

तो गावी परतला, तेव्हा सोआवेलो आजी काठावरच बसली होती. त्याच पावसाळ्यात तिची सून बाळंतपणात अडली होती. दवाखाना पलीकडे, पुरात मला सोडायची कुणाची छाती झाली नाही. सून गेली.

"खरं बोललास, बरं केलंस," आजी म्हणाली. "पण खऱ्यावरून नदी ओलांडता येते का?"

पुढची निवडणूक तो हरला.

काही वर्षांनी राजधानीत पोरं रस्त्यावर उतरली, सरकार पडलं. नव्या लोकांनी त्याला बोलावणं धाडलं. तो गेला नाही. गावच्या पंचायतीला उभा राहिला आणि कसाबसा निवडून आला.

मग त्यानं घरटी एकेक माणूस मागितला. जंगलातून ओंडके आले. ते पलीकडे मीच वाहून नेले. पूल लाकडी, अरुंद, पण उभा राहिला.

"आजी, पहिलं पाऊल तुझं," तो म्हणाला.

"आधी तू हो पुढं. मोडला तर पुढारी पडू दे!"

तो पुढं झाला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून आजी मागून चालली. अर्ध्यावर पोचल्यावर ती रडली.

आता मी काठावर पालथी पडून असते. बुडाला भेगा गेल्यात. यंदाच्या पावसाळ्यात तोतोझाफी गेला. त्याच्या घराण्याची थडगी पलीकडच्या टेकडीवर आहेत. नदीला मोठं पाणी होतं, तरी लोक त्याला खांद्यावर घेऊन पुलावरून सरळ निघून गेले. पाणी उतरायची वाट कुणाला बघावी लागली नाही.

तुम्हीही कधी इकडं आलात, तर मला हाक मारू नका. पुलावरून जा. मी इथून बघेन.