कापलेले अकरा सेकंद

पुण्यात असताना आश्लेषा एका डबिंग स्टुडिओत सात वर्षं आवाज साफ करत होती, आणि कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला आल्यापासून चार वर्षं ती ओटा साफ करत होती. यात तिच्या नवऱ्याचा, सत्यजितचा, काही दोष नव्हता. दोष व्हिसाचा होता. नवऱ्याच्या व्हिसाचं बोट धरून आलेल्या बाईनं या देशात राहावं, खरेदी करावी, हवं तेवढं फिरावं. काम मात्र करू नये, असा नियम. माणसाला घरी बसवून ठेवायची इतकी सभ्य पद्धत दुसरीकडे कुठे नसेल.

मग लायब्ररीत तिला फिनूला भेटली. साठीची, गप्पिष्ट, वीस वर्षांपासून कॅलिफोर्नियात राहणारी आयरिश बाई. अमेरिकेत येऊन काहीतरी करून दाखवलेल्या आयरिश लोकांशी ती दर आठवड्याला गप्पा मारायची आणि त्याचा पॉडकास्ट करायची. नाव मराठीत सांगायचं तर ‘बसा, चहा टाकते’. कुणी लोकरीचा धंदा उभा केलेला, कुणी मातीची भांडी घडवणारी, कुणी लोकांना ध्यान शिकवणारा. गप्पा बहारदार, पण आवाज असा की विहिरीत बसून बोलताहेत. आश्लेषानं पहिला भाग ऐकला आणि तिचे हात शिवशिवले. “मी करून देऊ का नीट? हौस म्हणून,” ती बोलून गेली.

पैसे नाहीत, पगार नाही, तरी सत्यजितची झोप उडाली. फुकट केलेलं कामसुद्धा काम धरतात म्हणे. नाही धरत म्हणे. इंटरनेटवर दोन्ही सापडायचं आणि सत्यजित फक्त भीतीदायक तेवढं वाचायचा. शेवटी तह झाला. काम करायचं, पण नाव कुठेही नाही. पॉडकास्टच्या शेवटी फिनूला सगळ्यांचे आभार मानायची, अगदी आपल्या मांजराचेसुद्धा. आश्लेषाचे नाही.

त्या मंगळवारी सकाळी दहाला आश्लेषा कॉम्प्युटरसमोर बसली. आदल्या संध्याकाळीच नवा भाग प्रसिद्ध झाला होता. पाहुणा होता डर्मट. टेक्सासमधल्या शुगर लँडला राहणारा, बावन्न वर्षांचा. तेलकंपन्यांतल्या कावलेल्या इंजिनिअरांना तो श्वास घ्यायला शिकवायचा. आवाज खर्जातला, मऊ. लोकांना भाग फार आवडला होता. फिनूलानं विमानतळावरून निरोप पाठवला होता : ‘मी डब्लिनच्या विमानात बसतेय. मी त्याला विचारते ना, सगळ्यांना तू सांभाळतोस, तुला कोण सांभाळतं, तेवढा तुकडा कापून ठेव. जाहिरातीला वापरू. किती झटकन आणि हसत उत्तर दिलंय त्यानं!’

झटकन. आश्लेषाला जरा बरंच वाटलं, कारण ते झटकनपण तिचं होतं. मूळ रेकॉर्डिंगमध्ये प्रश्नानंतर एक भलीमोठी पोकळी होती. मग फिनूला विचारते, “हॅलो? नेट गेलं का? ऐकू येतंय?” आणि मग डर्मट हसून म्हणतो, “येतंय, येतंय. आय अ‍ॅम ग्रँड.” आयरिश माणसाचं ‘ग्रँड’ म्हणजे आपलं ‘मजेत’, विचारणाऱ्यानं पुढे काही विचारू नये म्हणून असतं. आश्लेषानं अडकलेलं नेट, हॅलो-हॅलो, सगळं कापलं होतं आणि प्रश्नाला उत्तर अलगद जोडून दिलं होतं. सांधा कुणाला सापडणार नाही असा.

तुकडा नीट कापायचा म्हणून तिनं डर्मटचा मूळ ट्रॅक उघडला. या कामात प्रत्येकाचा आवाज त्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर वेगळा रेकॉर्ड होतो आणि नंतर येऊन पोचतो. नेट गेलं तरी त्याला काही होत नाही. हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून गेल्या आठवड्यात तिनं ते लक्षात घेतलं नव्हतं, कारण घाई होती आणि कुकर लावायचा होता.

त्या पोकळीवर तिनं आवाज वाढवला. नेट गेलंच नव्हतं. पलीकडे माणूस होता. श्वास शिकवणारा तो माणूस तुटक श्वास घेत होता, एकदा त्यानं बोलायला तोंड उघडलं, घशातून काहीतरी आलं, आणि त्यानं ते गिळलं. अकरा सेकंद. मग फिनूलाचं हॅलो, आणि मग ते मजेत.

आश्लेषानं तो तुकडा पुन्हा लावला. उगाच, तिनं स्वतःला दटावलं. माणसं गहिवरतात, त्यात काय. पण हात थांबेना. तिनं ट्रॅकचं शेपूट पाहिलं. फिनूला त्या दिवशी, गेल्या बुधवारी, घाईत रेकॉर्डिंग बंद न करताच निघून गेली होती आणि डर्मटच्या बाजूला ते आणखी नऊ मिनिटं चालू राहिलं होतं. अशी शेपटं आश्लेषा न ऐकताच छाटायची. आज ऐकलं.

खुर्ची सरकली. नळ वाहिला. मग कुत्र्याच्या पट्ट्याची घुंगरं वाजली आणि डर्मट त्याच्याशी बोलू लागला, अगदी शांतपणे. “मंगळवारी सकाळी तुला शेजारणीकडे सोडतो हां. तुझं खाणं, औषध, सगळं लिहून ठेवलंय. तिला तू आवडतोस. कपाटं आवरली, पत्रं लिहिली. या गप्पा तेवढ्या कबूल केल्या होत्या, त्याही झाल्या. आता कुणाचं काही राहिलं नाही. तू घाबरू नको.”

तिनं दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकायची हिंमत झाली नाही. आज मंगळवार होता, आणि टेक्सासमध्ये आत्ता दुपारचे बारा वाजून गेले होते.

आपण या माणसाचा आवाज तासन् तास ऐकला, त्याचे खोकले काढले, त्याचं अडखळणं काढलं आणि त्याला ठणठणीत करून लोकांसमोर उभा केला. खरं काय ते फक्त आपल्याकडे होतं आणि ते आपण कचऱ्यात टाकलं. तिला भयंकर भीती वाटली, आणि स्वतःची चीडही आली.

फिनूलाचा फोन बंद. विमान कुठेतरी ढगात. पाहुण्यांना आभार म्हणून कॉफीचा मग पाठवायचा असायचा, त्यासाठी फिनूला त्यांच्याकडून पत्ता आणि फोन लिहून घ्यायची, त्या यादीत डर्मटचा नंबर होता. आश्लेषानं फोन लावला. घंटा वाजत राहिली आणि मग त्याचाच मऊ आवाज आला : “एक खोल श्वास घ्या आणि निरोप ठेवा.” तिनं घाबरून फोन कापला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मग तिनं सत्यजितला फोन केला. तो मीटिंगमधून बाहेर आला. तिनं सगळं सांगितलं.

“आश्लेषा, तू शुअर आहेस? म्हणजे तो ट्रिपला जात असेल यार. लोक कुत्रा सोडून व्हेकेशनला जातात.”

“पत्रं लिहून?”

“पोलिसांना काय सांगशील? तू कोण? तुला हे रेकॉर्डिंग कसं मिळालं? सगळं रेकॉर्डवर जातं त्यांच्या. आपलं व्हिसाचं एक्स्टेन्शन पेंडिंग आहे गं. आत्ताच?”

“मग काय करू?”

“त्या शरयूकाकू राहतात ना शुगर लँडला? मागे मराठी मंडळाच्या अधिवेशनात भेटल्या होत्या. त्यांना म्हण, जरा दार वाजवून बघा. आपल्यातल्या आपल्यात होईल.”

सत्यजित वाईट नव्हता. तो घाबरला होता, आणि घाबरलेला मराठी माणूस आधी ओळखीचं कुणीतरी शोधतो. आश्लेषानंही शोधलं. तिनं खरोखर शरयूकाकूंचा नंबर काढला आणि लावला. एक घंटा वाजली. सत्तरीची बाई, गुडघे दुखतात, ती गाडी काढणार, त्याचं दार वाजवणार, आणि दार उघडलं नाही तर? किंवा उघडंच असलं तर? आश्लेषानं फोन कापला. आपली भीती आपण एका म्हातारीच्या गळ्यात घालत होतो, हे तिला लख्ख कळलं.

इथून इमर्जन्सीचा नंबर फिरवला तर फोन सनीव्हेलच्याच पोलिसांकडे जाणार. तिनं शुगर लँडच्या पोलिसांचा नंबर शोधून काढला. आकडे दाबताना बोट दोनदा चुकलं.

फोन उचलणारी बाई एकदम शांत होती. पत्ता विचारला. काय ऐकलंत, ते सांगा म्हणाली. आश्लेषानं डर्मटची वाक्यं जशीच्या तशी सांगितली. घरात शस्त्र आहे का? माहीत नाही. कुत्रा चावरा आहे का? माहीत नाही, आवाजावरून लहान वाटतो. पलीकडे कळफलक खडखडत होता.

“तुमचं नाव?”

निनावी राहिलं तरी चालत असेल का? पण फोन निनावी म्हणून पोलिसांची गाडी रेंगाळणार तर नाही? तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं नाव सांगितलं. बाईला ते लिहिता येईना, तेव्हा एकेक अक्षर करून सांगितलं. मग आडनाव.

“त्यांना तुम्ही कशा ओळखता? नातेवाईक?”

“नाही.”

“मैत्रीण?”

“आम्ही कधी बोललोही नाही.”

कळफलक थांबला. “मग तुम्हाला हे कसं माहीत, मॅडम?”

इतके दिवस जे वाक्य दोघांनी घरात, हळू आवाजातसुद्धा बोलायचं टाळलं होतं, ते आश्लेषा मोठ्यानं बोलली. “मी त्या पॉडकास्टसाठी काम करते. मी एडिटर आहे. त्यांच्या आवाजावर मी काम केलंय, म्हणून सांगते, हा माणूस खरं बोलतोय. लवकर जा.”

“गाडी निघालीय,” बाई म्हणाली.

त्यानंतरची चाळीस मिनिटं आश्लेषानं कशी काढली ते तिचं तिला माहीत. ती उभी राहिली, बसली, धुतलेला ओटा पुन्हा धुतला. नको नको ते डोळ्यांसमोर येत होतं. त्यातच मधे एकदा पत्रपेटीत येणारं सरकारी पाकीट डोळ्यांसमोर आलं आणि तिला स्वतःची शरम वाटली. माणूस जगतो की मरतो कळत नाही आणि आपण व्हिसाचा विचार करतोय. पण येत होता तो विचार, त्याला काय करणार?

फोन वाजला तेव्हा सत्यजितही दारातून आत येत होता. ऑफिस सोडून आला होता. पलीकडे कुणी अधिकारी होता. तो बेतानं बोलत होता, आश्लेषा फक्त “हो, हो” म्हणत होती. फोन ठेवून ती भिंतीला टेकली.

सत्यजित बूट न काढता उभा होता.

“नाव दिलंस?”

“दिलं.”

“आडनावासकट?”

“स्पेलिंगसकट. काम करते हेही सांगितलं.”

तो हळूहळू खाली, दारातल्या चपलांच्या शेजारीच बसला. त्यानं दोन्ही हातांत डोकं धरलं. मग मान वर न करताच त्यानं विचारलं, “आहे ना पण तो?”

“आहे,” आश्लेषा म्हणाली. “दार त्यानंच उघडलं.”