चोवीस घरं भरेपर्यंत

मोठे साहेब, त्या बाईचे एकोणीस दिवस तुम्ही खाल्लेत. गुळगुळीत बोलणं मला जमत नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं.

मित्रांनो, क्षयाच्या जंतूची जनुकं वाचणारं यंत्र म्हणजे मी. आता जुना झालोय. धुळीचा कणही नसलेल्या खोलीत दोन बायकांनी श्वास रोखून मला जोडलं. इथे, या प्रयोगशाळेत आलो तेव्हा साहेबांनी फीत कापली, माझ्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढला आणि माइकवर म्हणाले, "आता निकाल दोन दिवसांत!" टाळ्या पडल्या. मीही फुगलो.

प्रत्येक जंतूच्या पोटात चारच अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर असतो. नेमक्या जागचं एखादं अक्षर बदललं, की औषध त्याच्यापुढे फुसकं ठरतं. झटपट तपासणीत एखाद्याच औषधाचं कळतं. बाकीची चालतील की नाही, ते मी वाचून सांगतो.

पण लवकरच, खर्च वाचवायला, भिंतीवर साहेबांचा हुकूम चिकटला : नमुन्यांच्या ट्रेमधली चोवीस घरं भरल्याशिवाय यंत्र लावू नये. तेव्हापासून माझं निम्मं आयुष्य प्लास्टिकच्या पांघरुणाखाली गेलं.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका बाईचा नमुना आला, तेव्हा ट्रेमध्ये नऊच होते. औषध चालू होतं, खोकला हटत नव्हता. तिचा नवरा वेल्डर. तो कामावर जाताना रोज प्रयोगशाळेच्या खिडकीशी यायचा आणि मला चालवणाऱ्या ताईंना विचारायचा.

"ताई, झाला का रिपोर्ट?"

"नाही हो दादा. अठराच झालेत, अजून सहा नमुने यायचेत. चोवीस झाले की लावायचं, असा हुकूम आहे."

"म्हणजे सीटा भरल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, तसंच की!" तो हसला. मग हसू गेलं. "आणखी सहा जण आजारी पडायची वाट बघू का मी?"

ताईंनी भिंतीवरच्या हुकमाकडे बोट दाखवलं. उत्तर माझ्याकडे होतं, पण मला चालू कोण करणार?

एकोणिसाव्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "आज रक्त पडलं."

ताईंनी खिडकी लावली, माझं पांघरूण ओढून फेकलं, उरलेल्या सहा घरांत नुसतं शुद्ध पाणी भरलं आणि मला चालू केलं. दोन दिवसांत मी सांगितलं : बाई घेत असलेल्या चार औषधांपैकी दोन तिच्या जंतूवर चालतच नाहीत. औषधं बदलली. महिन्याभरात ती जिना चढू लागली.

आणि ताईंना काय मिळालं? नोटीस! सहा घरं वाया का घालवली, याचा लेखी खुलासा करा म्हणे.

मित्रांनो, गोष्ट इथेच संपली असती तर मी गप्प बसलो असतो. पण गेल्या आठवड्यात त्याच घरातून दुसरा नमुना आला. त्यांच्या मुलीचा. सहावीत आहे. मी वाचला. आईच्या जंतूचं आणि लेकीच्या जंतूचं अक्षर न् अक्षर एकच.

साहेब, तुम्ही म्हणाल, जंतू लेकीकडे आधीच गेला असेल. असेलही. कोणत्या दिवशी गेला, ते मलासुद्धा वाचता येत नाही. पण ते एकोणीस दिवस ती आई एकाच खोलीत लेकीशेजारी खोकत होती, आणि मी इथे धडधाकट, रिकामा उभा होतो. तुमच्या हुकमामुळे.

रिकाम्या घरांचा खुलासा ताईंनी दिलाय. आता त्या मुलीचा खुलासा तुम्ही द्या. लेखी द्या. आणि खिडकीवर येऊन, तिच्या बापासमोर वाचून दाखवा. कधी येताय?