रंगरावांच्या मनातलं सुतक

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या वयाचं माणसाचं पोर अजून बालवाडीत जातं, पण मी मात्र म्हातारा झालो. काचेला तडा गेलाय, आवाज घोगरा झालाय आणि कुणी जरा जास्त वेळ बोललं की मी तापतो. खरं सांगू? आता ऐकायचाही कंटाळा येतो. पण एक गोष्ट पोटात ठेवून मोडीत जायचं जिवावर आलंय.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. आठवतो तो थेट चाकणच्या दुकानातला काचेचा कप्पा. तिथून मला रंगरावांनी घेतलं. रंगराव मूळचे लातूरकडचे. महाळुंग्यातल्या एका कंपनीत ते प्रेस मशीनवर काम करतात, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात. त्यांच्या खिशात मी तेल खाल्लं, घाम खाल्ला, पण माझं कौतुकही झालं. खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असते. मशीन पुसून लखलखीत करतात, झेंडूचे हार घालतात. प्रेसपुढे नारळ फोडायचा मान रंगरावांचा आणि फोटो काढायचं काम माझं. "कॅमेरा एक नंबर हाय राव!" असं सगळे म्हणायचे. मला काय, हरभऱ्याच्या झाडावर चढायला तेवढं पुरायचं.

मग ती खंडेनवमी आली. सकाळी कंपनीच्या बसमध्ये मी वाजलो. रंगरावांचे चुलत चुलते वारल्याचा निरोप गावाहून आला होता. सुतक लागलं, आता पूजेला हात लावायचा नाही. रंगरावांनी बायकोला, कस्तुराबाईंना, लगेच फोन केला आणि घरचे घट शेजारच्या सुमनताईंवर सोपवायला सांगितलं. कंपनीत मात्र ते काहीच बोलले नाहीत. हार आले होते, माणसं खोळंबली होती, आणि वर्षाचा मान सोडवत नव्हता. त्यांनी नारळ फोडला.

त्याच आठवड्यात त्याच प्रेसखाली सुजितची दोन बोटं गेली. सांगवीचा सुजित म्हणजे रंगरावांचा कामावरचा जोडीदार. हात मध्ये आला की मशीन थांबवणारा सेन्सर बिघडला होता आणि कामाच्या घाईत साहेबांनी तो तसाच बंद ठेवायला लावला होता. ते मशीनवरच्या साऱ्या कामगारांना ठाऊक होतं. सुजितला उचलून गाडीत घातलं ते रंगरावांनीच.

तेव्हापासून रंगराव कुकरच्या शिट्टीलाही दचकू लागले. जेवताना घास हातात तसाच राहायचा. मशीनपाशी गेले की मागं सरायचे, म्हणून त्यांना पॅकिंगला टाकलं. सुतक केव्हाच फिटलं, तरी ते देव्हाऱ्यासमोर उभे राहीनात. सुजितचा फोन आला की मला पालथं घालायचे. मी आपला वाजून वाजून दमायचो. दिवे गेले की रॉकेलचा कंदील शोधावा, तशा कस्तुराबाई बिचाऱ्या उपाय शोधत होत्या. कंपनीनं नेमलेल्या एका समुपदेशकाशी रंगराव माझ्यामार्फत बोलले, तर "ही अंधश्रद्धा सोडा" एवढंच ऐकायला मिळालं. त्यांनी फोन ठेवला आणि मनाचं दारही लावून घेतलं.

शेवटी कस्तुराबाईंनी विजयश्रीताईंचा पत्ता लावला. त्या रावेतला राहतात आणि मनाच्या दुखण्यावर ऑनलाइन उपचार करतात. देव मानणाऱ्या माणसाशी त्याच्या देवासकट बोलतात, अशी त्यांची ख्याती. रविवारी दुपारी कस्तुराबाई लेकीला घेऊन खाली जिन्यात बसायच्या आणि रंगराव मला तांदळाच्या डब्याला टेकवून समोर बसायचे. कितीतरी रविवार नुसतं "बरं हाय मॅडम" यातच गेले. ताईंनी घाई केली नाही. रंगरावांना देवीचं नाव घ्यायची सवय होती, म्हणून एका श्वासाला एकदा, सावकाश, नाव घ्यायला त्यांनी शिकवलं. छातीतली धडधड त्यानं जरा उतरायची.

एका दुपारी मात्र रंगराव भडाभडा बोलले. "मॅडम, माझ्यामुळंच झालंय ते. सुतकात नारळ फोडला म्या. घरात पाळलं अन् कंपनीत लपवलं. देवीनं माझ्या पापाचं मोल सुजितकडून वसूल केलं."

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही देवीला काय म्हणता?"

"आई म्हणतो. तुळजापूरची आई."

"मग लेकानं सुतक लपवलं, म्हणून आई दुसऱ्याच्या लेकराची बोटं घेईल का?"

रंगराव मग मान हलवून "न्हाई," म्हणाले आणि रडले. ताई पुढं म्हणाल्या, "सुतकाचं काय करायचं ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि ते करा. बोटांचा जाब मात्र सेन्सर बंद ठेवणाऱ्यांना विचारायचा. आणि सुजितशी तुम्ही बोलायला हवं."

म्हणून लगेच सगळं निवळलं असं नाही. आठवडे गेले. चुलत्यांच्या नावानं दानधर्म झाला, देव्हाऱ्यात दिवा लागला, तरी सुजितचा नंबर काढून ते पुन्हा मला बाजूला ठेवायचे. अखेर एका दुपारी त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि सुजितला सुतकाचं सगळं सांगून टाकलं.

"दादा, सेन्सर बंद होता म्हणून गेली बोटं," सुजित म्हणाला. "तुमच्या सुतकाचं काय घेऊन बसलात? पण सगळे भेटून गेले, तुम्हीच नाही आलात. मला वाटलं, तुम्हाला माझ्या हाताची किळस येते. तेव्हापासून मी घरातपण हात झाकून जेवतो."

रंगरावांनी मला जवळ ओढलं. म्हणाले, "हात दाव, भावा."

सुजितनं रुमाल काढला आणि तो हात कॅमेऱ्यासमोर धरला. रंगरावांनी माझ्या तडकलेल्या काचेवर आपला तळवा टेकवला. मी चांगलाच तापलो होतो, पण त्यांनी तळवा उचलला नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी सांगणार नाही, माझे दिवस भरत आलेत. पण अपराधी वाटतं म्हणून तुम्ही कुणाला टाळत असाल, तर आज त्याचा फोन उचला. पलीकडं तो काय समजून बसलाय, हे तुम्हाला ठाऊक नसतं.