तिसरा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. मित्रांनो, नाव ऐकताच तुमच्या डोळ्यांपुढे निवडणुकीच्या रिक्षावर बांधलेला लाउडस्पीकर आला असेल. तो माझा कोणी लागत नाही. मी इंदूरच्या एका कापड गिरणीचा भोंगा, अस्सल पितळेचा आणि वाफेवर वाजणारा. कोणीही वाट्टेल ते बोलावे आणि मी ते मोठ्याने सांगत सुटावे, असला धंदा मी कधी केला नाही.

मला बॉयलरच्या छपरावर बसवले तेव्हा शहरात अजून होळकरांचे राज्य होते. प्रत्येक पाळीला मी तीनदा वाजत असे. पहिला भोंगा म्हणजे उठा. दुसरा म्हणजे घर सोडा. तिसरा झाला की फाटक बंद. मग साक्षात मालकाचा जावई का येईना, तोही बाहेरच. माझ्या आवाजावर चाळीतल्या चुली पेटत आणि राजवाड्याकडचे दुकानदार घड्याळे लावत. तान्ही मुले दचकून उठत, म्हणून बायका मला शिव्याही देत. त्या मला गोड लागत, कारण सगळे माझे ऐकत होते.

त्या चाळीत पांडुरंग आणि त्याची बायको शांता राहत. पांडुरंग लूमवर कापड विणायचा. दुसरा भोंगा झाला की शांता त्याच्या हातात डबा कोंबायची आणि तो सुटायचा.

मग आमच्या फाटकाशी एक चष्मेवाले गृहस्थ दिसू लागले. हे प्रोफेसर संताजीराव देवळे. घर जुनी इंदूर मोहल्ल्यात, पूर्वज दरबारातले, कॉलेजात इतिहास शिकवायचे. सगळ्यांना वाटे, हे आता तलवारी आणि पगड्यांवर ग्रंथ लिहिणार. हा माणूस मात्र चहाच्या टपरीवर मजुरांमध्ये बसून त्यांच्या गोष्टी ऐकायचा. पांडुरंगशी तर त्यांची गट्टीच जमली. पुढे त्यांचे पुस्तक आले आणि त्यात एक अख्खे प्रकरण माझ्यावर! सरांनी ते फाटकाशी उभे राहून वाचून दाखवले. पहिला, दुसरा, तिसरा, प्रत्येक भोंग्याचा अर्थ त्यांनी नेमका लिहिला होता. मी त्या दिवशी जरा जास्तच जोरात वाजलो, हे कबूल करतो.

नव्वद साल उलटले आणि सगळ्यांच्या तोंडी एक नवा शब्द आला, उदारीकरण. पांडुरंगला वाटले, चला, कोणीतरी उदार होणार. प्रत्यक्षात आधी कापूस यायचा थांबला, मग कोळसा. एका सकाळी बॉयलर पेटलाच नाही. मजूर सवयीने आले तर फाटकाला कुलूप. कोणी काही सांगितले नाही. मी छपरावर मुका बसून सगळे पाहत होतो, आणि माझ्या घशात वाफेचा थेंब नव्हता.

मजूर फाटकाशी धरणे धरून बसले. सरही त्यांच्यात जाऊन बसले, उन्हात, सतरंजीवर. त्यांची भाषणे ऐकून म्हातारे रडत. शेवटी पांडुरंगच त्यांना म्हणाला, "सर, आता तुम्हीच इलेक्शनला खडे व्हा. आपलं ऐकणारा वहां कोणी पाहिजे ना!"

सर उभे राहिले. त्यांची घोषणा एकच होती, ‘भोंगा पुन्हा वाजेल!’ अनंत चतुर्दशीला इंदूरच्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात ना, दिव्यांनी लखलखणाऱ्या, त्यात त्या वर्षी आमच्या मजुरांनी वर्गणी काढून पुठ्ठ्याचा भलामोठा भोंगा केला. बंद गिरणीचे लोक नाचत होते आणि पुढे सर हात जोडून चालत होते. ते निवडून आले. नंतर मंत्रीही झाले.

मित्रांनो, सर लबाड होते असे म्हणून मला मोकळे होता आले असते तर बरे झाले असते. पहिली काही वर्षे ते खरोखर झटले. मग गाडी मोठी झाली, माणसे भोवती वाढली, आणि सर वर्षातून एकदा झांकीपुरते दिसू लागले. पांडुरंगला सिमरोलकडे चौकीदारी मिळत होती. ती घेऊ का, असे तो विचारायला गेला तर सर म्हणाले, "घाई करू नका पांडुरंगजी. फाइल चल रही है. तुमचा लूम तुमचाच आहे." पांडुरंगने ती नोकरी घेतली नाही. शांता लोकांकडे पोळ्या लाटायला जाऊ लागली.

शेवटी गिरणीची जमीन विकली गेली. तिथे काचेचे मोठे मार्केट व्हायचे ठरले आणि भूमिपूजनाला पाहुणे म्हणून आले सर. त्यांच्यातला इतिहासकार त्या दिवशी नेमका जागा झाला. म्हणाले, परंपरेचा मान राखू, भोंगा तीनदा वाजवू. बॉयलर कधीच भंगारात गेला होता, म्हणून मला मांडवाशेजारच्या खांबावर चढवून माझ्या घशाला हवेचा कॉम्प्रेसर जोडला.

चाळीला कोणी कळवले नव्हते.

पहिला भोंगा झाला. चाळीतल्या नळावर भांडणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. दुसरा झाला आणि दारे धडाधड उघडली. माझा जीव कळवळला. थांबवा रे, असे ओरडावेसे वाटले; पण माझ्याजवळ दुसरा आवाज कुठे होता? तिसरा वाजला तेव्हा रस्त्यावर पांढऱ्या केसांची माणसे धावत होती. कोणी बनियनवर, कोणी अनवाणी. सर्वांत पुढे पांडुरंग, हातात डबा.

फाटकाशी नव्या गार्डने त्याला अडवले. धापा टाकत पांडुरंग म्हणाला, "भिया, जाऊ दे ना अंदर. तिसरा आत्ताच झाला. जरासा लेट झालो, बस."

सर मंचावरून उतरून आले. त्यांना पाहून पांडुरंग हसला. इतकी वर्षे मी त्याला असे हसताना पाहिले नव्हते. "सर, माफ करा. चप्पल तुटली रस्त्यात. उद्यापासून लेट नाही होणार."

"पांडुरंगजी," सर कसेबसे म्हणाले, "हा फक्त प्रोग्राम आहे. या, बसा ना. नाश्ता लीजिए."

पांडुरंग बसला नाही. त्याने आत पाहिले. लूमखाते नव्हते, भिंत नव्हती, नुसते सपाट मैदान आणि त्यावर मांडव. तो मागच्यांकडे वळून म्हणाला, "चला रे. सुट्टी आहे." आणि सगळे परत गेले.

आता मी त्या मार्केटमध्ये काचेच्या पेटीत आहे. खाली सरांनी लिहिलेला मजकूर आहे, फार सुंदर भाषेत. रोज मला मऊ फडक्याने पुसतात. मुले माझ्याबरोबर फोटो काढतात. शांता एकदा येऊन गेली. पेटीशी उभी राहून शेजारणीला सांगत होती, "आता आमचे हे कूकरची शिट्टी झाली तरी कानांत बोटं घालून बसतात."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. मला कशाला जपता? मी पितळ आहे, मला ऊन लागत नाही की भूक लागत नाही. माझी हाक ऐकून जी माणसे धावत आली, त्यांना कोणी जपले नाही. एवढे तरी करा. फाटक उघडायचे नसेल, तर कोणाला हाक मारू नका.