घटस्थापनेपर्यंत थांबलेला विमा

मित्रांनो, १९५७ च्या वैशाखात आबासाहेबांच्या मुलीचे, बकुळाचे लग्न झाले आणि त्याच वर्षी घटस्थापनेला मी झाशीत त्यांच्या दारी आलो. मी आता जुना झालेला एक ट्रक आहे. त्यांच्या धंद्यात दुसरी गाडी नव्हती. रेल्वेच्या मालगोदामातून पोती घ्यायची आणि करेऱ्याकडच्या गावांना पोचवायची, हे माझे काम.

चालक जगन्नाथ मला रोज पुसायचा. हमाल त्याला चिडवत, "भैया, बायकोला तरी इतकं जपता का?"

"ती बोलून दाखवते. गाडी कुठे बोलते?" तो म्हणायचा.

खरेच, मला बोलता आले असते तर!

दोन वर्षांनी, पितृपक्षात, शहरातल्या खंडेराव गेट भागातून विमा एजंट वामनराव आले. माझ्याशेजारीच बोलणे झाले.

"आबासाहेब, चोवीस सप्टेंबरला विमा संपतोय. आज सही करा."

"पितृपक्षात नवा कागद? आणि गाडी घटस्थापनेला घेतली. वर्ष घटस्थापनेलाच भरणार."

"कंपनी तिथी मानत नाही हो. तिला फक्त तारीख कळते."

"मग तिला सांगा, आठ दिवस थांब."

आबासाहेबांच्या पत्नी जानकीबाई दारातून म्हणाल्या, "निदान तोवर गाडी तरी उभी ठेवा."

"आणि गोदामातली पोती डोक्यावरून नेऊ?"

वामनराव हात जोडून निघून गेले. तारीखही गेली. अठ्ठावीसला पोती भरून झाल्यावर जगन्नाथने विचारले, "मालिक, कागज झाला का?"

"तू गाडी चालव. पंचांग मी बघतो."

मी काय करणार? किल्ली फिरली, मी निघालो. करेऱ्याच्या अलीकडे बैलगाडी अचानक आडवी आली. तिला वाचवताना मी खड्ड्यात उलटलो. स्टिअरिंग जगन्नाथच्या छातीत बसले. माझेच स्टिअरिंग.

घटस्थापनेला आबासाहेब हप्ता आणि भरपाईचा अर्ज घेऊन कंपनीत गेले. कारकुनाने अपघाताची तारीख वाचली आणि कागद परत केला. विमा चालू असता तर जगन्नाथच्या बायकोला, इंदूला भरपाई मिळाली असती. आबासाहेबांनी मला भंगाराच्या भावात विकून तिला काही दिले. ते वर्षभरही पुरले नाही.

मित्रांनो, गाडीला हार घाला, नारळ फोडा. पण तिच्या विम्याची तारीखही वाचा. गाडी चालवणाऱ्याचे घर त्या कागदावर उभे असते, आणि तो कागद कोणासाठी थांबत नाही. इतकी वर्षे झाली, तरी माझा राग गेलेला नाही.

जगन्नाथ १ ऑक्टोबर १९५९ रोजी, गुरुवारी सकाळी, झाशीच्या इस्पितळात वारला. घटस्थापनेला दोन दिवस उरले होते.