चाव्या सांभाळणारा

बोटाच्या ठशाला वजन असतं. नुसत्या डोळ्यांना तो जेमतेम दिसतो. चकचकीत वजन चिमट्यात धरून उजेडाकडे तिरपं केलं तरच अर्धवट गोल आणि त्यातल्या बारीक रेषा दिसू लागतात. पण काचेच्या पेटीतल्या काट्याला तो बरोबर कळतो. शेवटचा आकडा किंचित वर सरकतो आणि तिथेच अडून राहतो. म्हणून या खोलीत वजनांना कुणी हात लावत नाही. दुकानांतले, दवाखान्यांतले, औषधवाल्यांचे काटे ज्यांच्यावर पारखायचे ती ही वजनं, आणि ती चोख राखणं हे त्याचं काम.

"पुसलं की जातं हो," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. सगळे त्याला घाई म्हणत, आणि ठसाही त्याचाच होता. "तुम्ही तर असे बघताय, जसा काही इथे खून पडलाय."

तो हसला. हसायला हवं होतं म्हणून हसला. पुसलं की जातं – जातं खरं, पण प्रत्येक पुसण्याबरोबर धातूचाही अंश जातो, आणि फार वेळा पुसलेलं वजन शेवटी हलकं भरतं. हे त्याने घाईला सांगितलं नाही. मऊ कातडं उचललं, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. आई.

मामाला आज संध्याकाळी दवाखान्यातून सोडत होते. उजवं अंग लुळं पडलेलं, बोलणं अडखळतं. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. आईने आतली खोली झाडून ठेवली होती, पलंग भिंतीपासून सरकवला होता – दोन्ही बाजूंनी धरता यावं म्हणून. तिची मनगटं आता बादलीही उचलत नाहीत, त्याची बायको दिवसभर कामावर. म्हणजे अंघोळ, कपडे, उठवणं-बसवणं कुणाकडे हे वेगळं बोलायची गरजच नव्हती. मामा पडल्यापासून ती विचारत होती आणि तो 'बघतो' म्हणत होता. त्याच्या 'बघतो'चा अर्थ ती 'हो' असाच घेत आली होती, त्याच्या लहानपणापासून.

"तळहातावरच्या फोडासारखं जपलंय रे त्याने तुला," आई म्हणाली. "आता तुझी पाळी."

"बघतो," तो म्हणाला.

...सुट्टीतली ती माडीवरची खोली, दाढीच्या साबणाचा वास, दाराबाहेर आधी एक खाकरणं – आणि मग झोपेचं सोंग. अकरा वर्षांच्या मुलाला सोंगच तेवढं येतं. सोंग घेणाऱ्याचा श्वास फार नियमित असतो. खरा झोपलेला माणूस मध्येच अडखळतो, सुस्कारतो, कूस बदलतो. हे त्याला पुष्कळ नंतर कळलं. म्हणजे मामाला ते तेव्हाही कळत असणार. मी जागा आहे हे त्याला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं... अजूनही बायको कधीतरी म्हणते, तुम्ही किती शांत झोपता हो.

कार्यालय दुपारी सुटलं आणि तो नेहमीसारखा शिवणवर्गाच्या खोलीवर गेला. जिना चढून वर, कुलूप काढायचं, झाकलेली यंत्रं भिंतीकडे ढकलायची, खुर्च्या गोलात मांडायच्या, चहाचं पाणी ठेवायचं. कोपऱ्यात कपडे चढवून बघायचे दोन बिनमुंडक्यांचे पुतळे. गटातला एक बस चालवणारा, बसवाला, त्यांना 'आपले सर्वांत जुने सभासद' म्हणतो आणि बसताना त्यांची खुशाली विचारतो. इथे येणारे सगळे पुरुष. सगळ्यांना कधीतरी, कुणीतरी, लहानपणी... गट चालवतो तो बेकरीवाला. त्याचे नियम थोडे: विचारल्याशिवाय कुणी कुणाला हात लावायचा नाही. बोलायचं नसेल त्याने 'पुढे' म्हणायचं. आणि दुसऱ्याची गोष्ट कुणी सांगायची नाही. एखादा इथे का येतो, एवढंसुद्धा नाही.

तो आला त्या दिवसापासून 'पुढे'च म्हणत आला होता. कुणी खोदून विचारलं नाही. मग नुसतं बसून राहण्याची लाज वाटून तो खुर्च्या मांडू लागला, कपबशा विसळू लागला, आणि एक दिवस बेकरीवाल्याने चाव्याच त्याच्या हातात ठेवल्या. चाव्या आल्यावर जरा बरं वाटू लागलं होतं. येण्याला कारण मिळालं होतं.

आज एक नवा माणूस लवकर आला. तिशीचा, हेल्मेट दोन्ही हातांत पोटाशी धरलेलं. दारातूनच त्याने आधी खुर्च्या पाहिल्या, मग चाव्यांचा जुडगा. इथेच ना ते, असं त्याने विचारलं. 'ते' म्हणजे काय हे दोघांनीही उच्चारलं नाही.

"तुम्ही इथे कामाला का?"

"हो," तो म्हणाला. विचार यायच्या आत शब्द बाहेर पडला होता, आणि पडल्यावर किती सोपं वाटलं.

सगळे जमले. बेकरीवाल्याने नियम सांगितले. बसवाला थोडा बोलला, एकजण 'पुढे' म्हणाला, आणि पाळी नव्या माणसावर आली. त्याने तोंड उघडलं, मिटलं, हेल्मेटची पट्टी बोटाभोवती गुंडाळली.

"एक विचारू? हे काका... जरा बाहेर थांबतील का? राग मानू नका. बाहेरच्या माणसासमोर नाही जमायचं मला."

बेकरीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. अहो, हे आपल्यातलेच – एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण नेमकं तेच म्हणायची इथे कुणाला मुभा नव्हती. बसवाला स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. सगळी माणसं त्याच्यासाठी तोंड शिवून बसली होती.

तो उठला. दारापर्यंत गेला. कडीवर हात ठेवला. खरं तर उत्तमच झालं होतं... जिना उतरायचा, टॅक्सी करायची, दवाखान्यात जायचं. मामाच्या काखेत हात घालून त्याला उठवायचं. पाठ चोळायची, अंग पुसायचं, कोरडे कपडे चढवायचे. मामा वाकड्या तोंडाने काहीतरी म्हणेल, किंवा म्हणणार नाही. कदाचित त्याच्या काही लक्षातही नसेल. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे – आपल्याला त्याची दया येईल. येईलच. मग त्या दयेखाली ते सगळं गाडलं जाईल, आई शेजारणीला सांगेल की भाच्याने पांग फेडले, आणि रात्री भिंतीपलीकडून खाकरणं ऐकू येईल, आणि पन्नाशीला टेकलेला मी पुन्हा नियमित श्वास घेत पडून राहीन.

"सॉरी हां, काका," मागून नवा माणूस म्हणाला.

किती अदबीने. आपण जागा अडवली म्हणून माफी मागावी तसा. हा सूर त्याच्या ओळखीचा होता. जन्मभर तो याच सुरात बोलत आला होता. पाय बाहेर पडेनात, मागेही फिरेनात. बोलून होणार काय? आई हट्टी आहे. तो नाही म्हणाला तर ती स्वतः जाऊन भावाला घेऊन येईल, आणि घराचं दार तो काही आईच्या तोंडावर लावू शकणार नाही. का नाही म्हणतोस, हे ती विचारेल. मग? त्या 'मग'पुढे त्याला काहीच दिसत नव्हतं.

"मी इथे कामाला नाही," तो दाराकडेच तोंड करून म्हणाला. "मी... तुमच्यासारखाच येतो."

मागे कुणाची तरी खुर्ची करकरली आणि थांबली. त्याने पाठ दाराला टेकवली, आणि त्यामुळेच त्याचं तोंड त्यांच्याकडे झालं. श्वास लागला होता. वेडावाकडा, मध्येच तुटणारा. तो ताब्यात आणायचा त्याने एकदा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

"माझा मामा," तो म्हणाला. "आज संध्याकाळी मला त्याला घरी आणायचंय. आईला अजून काही माहीत नाही. पुढे काय होईल मलाही माहीत नाही... पण मी त्याला आणणार नाही."